डोंगरावरच्या लग्नाचं चित्रीकरण : कोटेशनच्या शेवटच्या ओळीचा हिशेब

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही बऱ्या व्हिडिओवाल्याला ‘पाचगणीला दोन दिवसांचं लग्न आहे’ म्हणून फोन केला, की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर एक देखणं पीडीएफ येतं. त्यात सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी तीन पॅकेजं असतात आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ असते : प्रवास, निवास, भोजन व जीएसटी वेगळे. घरचे लोक आकडा बघतात, ती ओळ वाचून सोडून देतात. शहरातल्या कार्यालयात लग्न असेल तर सोडून दिली तरी चालतं. टीम सकाळी दुचाकीवरून येते, पंगतीत जेवते आणि रात्री आपापल्या घरी जाते. डोंगरावर मात्र निम्मा खर्च त्या ओळीतच दडलेला असतो.

एक हिशेब मांडून बघू. लग्न पाचगणीच्या रिसॉर्टवर, पाहुणे दीडशे, पहिल्या दिवशी हळद, सीमांतपूजन आणि संगीत, दुसऱ्या दिवशी लग्न. टीम पुण्याची. दर मधल्या दर्जाचे धरले आहेत. नाव झालेले लोक याच्या तिप्पटही घेतात आणि नवशिके निम्म्यातही येतात. सिनेमॅटिक शूट करणारे दोघे, रोजचे माणशी १८ हजार : दोन दिवसांचे ७२ हजार. ट्रॅडिशनल व्हिडिओवाला एक, रोजचे १० हजार : २० हजार. लाइट आणि सामान सांभाळणारा मदतनीस, ६ हजार. ड्रोन एका दिवसापुरता, १० हजार. एडिटिंग, म्हणजे चार-पाच मिनिटांची फिल्म, पूर्ण लांबीचा व्हिडिओ आणि काही रील मिळून ३५ हजार. बेरीज १ लाख ४३ हजार. पीडीएफमध्ये दिसतो तो हा आकडा.

आता ती शेवटची ओळ. आदल्या संध्याकाळी वर पोहोचायचं तर तो ‘ट्रॅव्हल डे’ म्हणून बरेच जण अर्धा दिवस लावतात : २४,५००. गाडी ड्रायव्हरच्या भत्त्यासकट आणि टोलसकट, वर थांबवून ठेवायची म्हणून १३ हजार. ड्रायव्हर धरून सहा माणसं, साध्या लॉजच्या दोन खोल्या, दोन रात्री : १४ हजार. खाणं माणशी अडीच हजार : १५ हजार. दोन हार्ड डिस्क १४ हजार. झाले ८०,५०० रुपये. टीमच्या बिलावर, म्हणजे १ लाख ४३ हजार अधिक २४,५०० या रकमेवर, १८ टक्के जीएसटी ३०,१५०. एकूण २ लाख ५३ हजार ६५०. दीड लाखाच्या आत दिसलेलं काम अडीच लाखांच्या पुढे गेलं, आणि यात कुणी फसवलेलंही नाही.

यातली कुठली रक्कम हलते ते बघा. कॅमेरामनचा रोज घासाघीस करून हजार-दोन हजारांनी उतरेल. तो उतरवू नये, कारण तुम्ही पैसे कमी केलेत की तो स्वतःऐवजी असिस्टंटला पाठवतो. ट्रॅव्हल डेवर मात्र जरूर बोला. आदल्या संध्याकाळी सजावट, मेंदी, पाहुण्यांचं आगमन असं दोन तास शूट करून घेणार असाल तर ते पैसे सत्कारणी लागतात. नुसतं पोहोचून झोपणार असतील तर रिसॉर्टवर जेवण आणि खोली एवढ्यावर बहुतेक टीम तयार होतात. खोल्या तर कधीही टीमला शोधू देऊ नका. रिसॉर्टशी तुमचा पन्नास-साठ खोल्यांचा व्यवहार चालू असतो, त्यातच ड्रायव्हर आणि क्रूच्या डॉर्मिटरीचं बोलून घ्या. बऱ्याच ठिकाणी ती असते. तुम्ही विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. क्रूच्या जेवणाचंही तसंच. पाहुण्यांची प्लेट दीड-दोन हजारांची असेल तर सहा माणसांची दोन दिवसांची जेवणं तेवढ्याच भावाने लावली जातात. वेगळी ‘क्रू मील’ म्हटलं की दर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पण वेळ ठरवून द्या. मुहूर्तानंतर सगळे जेवायला बसतात तेव्हा कॅमेरेवाले उभे असतात आणि ते जेवायला येईपर्यंत वरण-भातच उरलेला असतो. उपाशी माणूस पाठवणीला कॅमेरा नीट धरत नाही.

जीएसटीबद्दल एक सांगायला हवं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या फोटोग्राफरला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याला तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही. तेव्हा बिलात १८ टक्के दिसले तर जीएसटी क्रमांक मागा. आणि ‘बिल नको असेल तर कमी करतो’ या वाक्याला भुलू नका. उद्या काही बिनसलं तर ते बिल हाच तुमचा पुरावा.

हंगामाचा फरक मोठा पडतो. मे महिन्यात मुलांच्या सुट्ट्या असतात, अख्खा महाराष्ट्र महाबळेश्वरला लोटलेला असतो, खोल्यांचे भाव दुप्पट होतात आणि पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. नाताळचा आठवडाही तसाच. जूनमधले मुहूर्त स्वस्तात मिळतात, पण महाबळेश्वरचा वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो, आणि धुक्यात दहा फुटांवरची नवरी दिसत नाही. पोलादपूरकडून आंबेनळी घाटाने येणारे कोकणातले पाहुणे दरडीमुळे अडकू शकतात, ते वेगळंच. चित्रीकरणाच्या दृष्टीने तुळशीचं लग्न झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम : आकाश स्वच्छ, ऊन तिरपं आणि मे महिन्याच्या मानाने खोल्या हाताशी. डिसेंबरातले नाताळनंतरचे दिवस तेवढे वगळावेत.

मुहूर्त आणि उजेड

डोंगरावर लग्न करणाऱ्यांना गोरज मुहूर्ताची फार ओढ असते, कारण मावळतं ऊन आणि मागे दरी. पंचांगात सूर्यास्त सहाचा असतो तो सपाट क्षितिजावरचा. लॉनच्या पश्चिमेला डोंगराची कड असेल तर ऊन अर्धा-पाऊण तास आधीच उठतं. गुरुजी मुहूर्ताची वेळ साधतात, त्यात कोणी शहाणपणा करू नये. पण मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत लॉन निळसर-काळं पडलेलं असतं आणि मांडवातले पिवळे बल्ब तेवढे चेहऱ्यावर पडतात. अशी फिल्म एडिटिंगमध्ये रंग सारखे करूनही मळकीच दिसते. म्हणून गोरज मुहूर्त असेल तर दोन मोठे एलईडी लाइट आणि त्यांना लागणारं जनरेटरचं कनेक्शन हा खर्च, पाच ते आठ हजारांचा, डोळे झाकून करा. त्यापेक्षाही चांगलं म्हणजे, लग्नाच्या महिन्याभर आधी रिसॉर्ट पाहायला जाल तेव्हा मुहूर्ताच्या वेळीच लॉनवर उभे राहा आणि मोबाइलवर मिनिटभर व्हिडिओ घ्या. व्हिडिओवाल्याला तो पाठवला की तो स्वतःच सांगेल मांडवाचं तोंड कुठे करायचं. सजावटवाला दरी मागे ठेवतो, कारण फोटो छान येतो. पण मागे झगझगीत आकाश आणि पुढे सावलीतले चेहरे असं दुपारच्या मुहूर्ताला झालं, की कॅमेऱ्यात एक तर चेहरे काळे पडतात नाही तर दरी पांढरी होते.

कॅमेरे किती हवेत, हा पैशाचा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर अंतरपाटाजवळ मिळतं. वधू-वर समोरासमोर, मध्ये कापड, दोन्ही टोकांना धरणारे दोघे. शेवटचं ‘सावधान’ झालं की अंतरपाट ओढला जातो, अक्षतांचा पाऊस पडतो, वाजंत्री सुरू होतात आणि काही क्षणांत हार पडतात. हे दुसऱ्यांदा होत नाही. त्या वेळी एक कॅमेरा वधूच्या खांद्यामागून वराच्या चेहऱ्यावर, दुसरा बरोबर उलट, आणि तिसरा तिवईवर लांबून सगळा मांडव दाखवणारा, असे तीन लागतात. दोघांत भागवलं तर एकाचा चेहरा कायमचा जातो. चौथा कॅमेरा पाहुण्यांवर असतो. तो पॅकेज फुगवायला. अक्षता टाकायला पाहुणे पुढे येतात आणि हात वर करून मोबाइल धरतात, तेव्हा कॅमेऱ्यांच्या जागा मोकळ्या ठेवायला घरचा एक खमक्या मामा नेमला तर तो फुकटात चौथ्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त काम करतो.

ट्रॅडिशनल व्हिडिओ बंद करून सगळे पैसे सिनेमॅटिकवर लावायची हल्ली पद्धत आहे. माझं मत उलट आहे. पाच मिनिटांच्या फिल्ममध्ये आजी दोन सेकंद दिसते. दहा वर्षांनी घरचे लोक बघतात तो अडीच तासांचा सरळसोट व्हिडिओ, ज्यात कानपिळी होते, विहीणबाई रुसल्याचं नाटक करतात आणि सगळे आपापली माणसं शोधतात. १० हजार रोजाचा तो माणूस सगळ्यात शेवटी कापा.

आवाज

डोंगरावरच्या लग्नाच्या फिल्म सगळ्यात जास्त बिघडतात त्या वाऱ्याने. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकवर वाऱ्याची घरघर येते आणि ती नंतर पूर्ण काढता येत नाही. गुरुजींना लेपल माईक लावायचा तर तो उपरण्याला लागतो, आणि रेशमी उपरणं हललं की माईकवर खरखर होते. उपाय असा : माईकवर केसाळ टोपी हवी, तो उपरण्याच्या सुट्या टोकाला न लावता घडीच्या जाड भागाला लावावा, आणि त्याशिवाय साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट तार घेऊन वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घ्यावा. आपल्याकडे मंगलाष्टकं एकटे गुरुजी म्हणत नाहीत. आत्या, मावशी, शेजारच्या काकू कागद घेऊन उभ्या असतात आणि माईक हातोहात फिरतो. तो सगळा आवाज मिक्सरमध्येच सापडतो. वायरलेस माईकच्या सेटचं भाडं दिवसाला दोन हजारांच्या आसपास, रेकॉर्डरचं त्याहून कमी. ड्रोनच्या निम्म्या पैशात हे होतं. कोटेशनमध्ये ‘ऑडिओ’ हा शब्दच नसेल तर तो लिहून घ्या. आणि जनरेटर मांडवापासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला लावायला रिसॉर्टला आधीच सांगा.

उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे. म्हणजे लॉनवरचं संगीत दहाला संपणार. पॅकेजात रात्री बारापर्यंतचा ओव्हरटाइम लावला असेल तर कशासाठी, ते विचारा.

ड्रोन

ड्रोनशिवाय डोंगरातलं लग्न म्हणजे काय, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्ष फिल्ममध्ये तो वीस-तीस सेकंद दिसतो : रिसॉर्ट वरून, वरात वरून, दरी. एक दिवस पुरे, तोही पहाटे. दुपारनंतर दरीतून वारा चढतो आणि छोटे ड्रोन डगमगतात. धुकं असेल तर उडवूच नये.

नियम मात्र माहीत असू द्या, कारण पोलिसांनी ड्रोन थांबवला तर चारचौघांत मान खाली तुमची जाते. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो, त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर प्रमाणपत्र लागतं आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंतच उडवता येतो. जागा कुठल्या झोनमध्ये आहे ते डिजिटल स्कायच्या नकाशावर दिसतं. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि आसपास वन खात्याची जमीन भरपूर. रिसॉर्टच्या आवारात एक गोष्ट, जंगलावर किंवा एखाद्या पॉइंटवर दुसरी. तिथे आधी परवानगी. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित किल्ल्यांवर तर परवानगीशिवाय ड्रोनचं नावच काढू नये. ‘आमचं सगळीकडे चालतं’ म्हणणाऱ्या ड्रोनवाल्याकडे ड्रोनचा नोंदणी क्रमांक मागा.

हिमालयात जायचं असेल तर

मसुरी, ऋषिकेश किंवा रुद्रप्रयाग जिल्ह्यातलं त्रियुगीनारायण, जिथे शिव-पार्वतीचं लग्न लागलं असं मानतात आणि अखंड धुनी तेवत असते. मराठी घरांतूनही आता या जागांची चौकशी होते. तिथे वरचा सगळा हिशेब पालटतो. मसुरी डेहराडूनपासून ३५ किलोमीटर. त्रियुगीनारायण साधारण १,९८० मीटर उंचीवर, जॉली ग्रँट विमानतळापासून दिवसभराच्या रस्त्यावर, आणि केदारनाथ यात्रेच्या दिवसांत तो दिवस किती लांबेल सांगता येत नाही. पुण्याची चार माणसं न्यायची तर विमान, लांबचा प्रवास आणि जाण्या-येण्याचे दोन दिवस मिळून लाखभर रुपये कॅमेरा उघडण्याआधीच जातात. विमानात १५ किलोच्या वरच्या सामानाला किलोमागे पाचशेच्या पुढे मोजावे लागतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये टाकता येत नाहीत, हातातच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या चालतात, त्याहून मोठ्यांना, १६० पर्यंत, विमान कंपनीची परवानगी लागते. मोठ्या लाइटच्या बॅटऱ्या इथेच अडकतात.

सगळी टीम डेहराडूनची घेतली तर स्वस्त पडतं, पण त्यांच्या डोक्यात जयमाला आणि फेरे असतात. अंतरपाट कधी पडणार, मामा मुलीला कुठून आणणार, मुंडावळ्या कधी बांधणार, याचा त्यांना अंदाज नसतो. सगळ्यात परवडणारी वाट मधली : आपल्याकडचा एक मुख्य कॅमेरामन न्यायचा, बाकीचे दोन कॅमेरे, लाइट आणि ड्रोन तिथले. विधींचा क्रम वेळेसकट हिंदीत एका पानावर लिहून द्या. थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि गार हवेतून उबदार खोलीत आलं की लेन्सवर दव धरतं. कॅमेरे पंधरा-वीस मिनिटं बॅगेतच ठेवून मग काढायचे, एवढं कुठल्याही टीमला कळत असतं, तरी घाईत विसरतात.

अमेरिकेतल्या मावशीसाठी लाइव्ह हवं असेल तर १५ ते २५ हजार वेगळे. डोंगरावर मोबाइलच्या भरवशावर ते घेऊ नका. रिसॉर्टच्या इंटरनेटचा अपलोड वेग मांडवाच्या जागी उभं राहून मोजा. दहा एमबीपीएसच्या खाली असेल तर पैसे वाचवा, मुहूर्ताचा तुकडा त्याच रात्री पाठवून द्या.

फुटेज कुणाचं

फोर-के शूटिंगला बहुतेक कॅमेऱ्यांवर तासाला साधारण ४५ जीबी जागा लागते. तीन कॅमेरे सहा-सहा तास चालले तरी ८०० जीबीच्या पुढे जातं. हार्ड डिस्क दोन हव्यात आणि त्या दोन वेगवेगळ्या गाड्यांतून खाली याव्यात. रात्रीच्या घाटात पेंगुळलेल्या ड्रायव्हरबरोबर दोन्ही पाठवू नका. संध्याकाळी रिसेप्शन असेल तर टीमची तिसरी रात्र, सहा-सात हजारांची, पत्करा.

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन करवून घेतलेल्या फोटोंचा आणि फिल्मचा पहिला मालक करवून घेणारा असतो, विरुद्ध करार नसेल तर. म्हणूनच बऱ्याच करारांत ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ असं कलम घातलेलं असतं. ते खोडून घ्या, किंवा निदान रॉ फुटेज मिळेल आणि विचारल्याशिवाय इन्स्टाग्रामवर टाकणार नाही, हे लिहून घ्या. तुमची परवानगी हवी असेल तर त्याबद्दल सूट मागायलाही हरकत नाही. गाण्यांचं वेगळं. लग्नात गाणी वाजवायला त्याच कायद्याच्या कलम ५२ ची मोकळीक आहे. तेच गाणं फिल्ममध्ये लावून यूट्यूबवर टाकलं की ती लागू होत नाही आणि आवाज बंद होतो. ऑनलाइन टाकायची फिल्म परवाना घेतलेल्या संगीतावर बनवायला सांगा, वर्षभराचा परवाना बहुतेक स्टुडिओंकडे असतो.

पैसे द्यायचे ते टप्प्यांनी : बुकिंगला तीस टक्के, लग्नाच्या दिवशी चाळीस, आणि उरलेले तीस शेवटची फाइल हातात आल्यावर. लग्नाच्या दिवशी सगळे मागणारे असतात आणि त्या धांदलीत दिलेही जातात. मग टीझर पंधरा दिवसांत येतो आणि पूर्ण फिल्म लग्नाचा पहिला वाढदिवस गाठते. करारात डिलिव्हरीची तारीख, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, प्रत्यक्ष येणाऱ्या मुख्य कॅमेरामनचं नाव आणि घाट बंद पडल्यास काय, या चार गोष्टी हव्यात. त्यातून वाद झालाच तर आधी धमक्या देत बसू नका, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे नाही मिटलं तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आणि लग्न उत्तराखंडात लागलेलं असो, स्टुडिओ दिल्लीचा असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल होते.